सिएटल पायलट्स : एका उन्हाळ्यात उरकलेला संसार

१९६९ च्या बेसबॉल हंगामात फिलाडेल्फियाच्या मैदानावर ५,१९,४१४ प्रेक्षक आले. शिकागो व्हाइट सॉक्सकडे ५,८९,५४६ आले, क्लीव्हलंडकडे ६,१९,९७०. आणि त्याच वर्षी जन्माला आलेल्या सिएटल पायलट्सकडे ६,७७,९४४. यातले पहिले तीन संघ आजही आपापल्या शहरात आहेत. पायलट्सचा मात्र पुढचा हंगाम सिएटलमध्ये सुरूच झाला नाही. मार्च संपता संपता कंपनीचं दिवाळं निघालं आणि संघ अर्धा देश ओलांडून मिल्वॉकीला गेला.

‘लोक आले नाहीत म्हणून बुडाला’ ही त्याची रूढ कहाणी. लोक कमी आले हे खरं, पण पायलट्सपेक्षा कमी लोक येणारे संघ तगले. मग हाच का बुडाला? माझ्या मते या संघाचा निकाल मैदानावर पहिला चेंडू पडायच्या आधीच लागला होता. जन्म दोन वर्षं लवकर झाला, घर तयार नव्हतं आणि पाळणा कर्जाने आणलेला होता.

भांडण मिसुरीचं, बाळंतपण सिएटलचं

गोष्ट सुरू होते सिएटलपासून खूप लांब, मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत. तिथल्या अॅथलेटिक्स संघाचे मालक चार्ल्स फिन्ली हे एक वल्ली होते. शहराशी त्यांचं कधी पटलं नाही. ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकन लीगच्या (मोठ्या बेसबॉलच्या दोन लीग, अमेरिकन आणि नॅशनल, त्यातली ही एक) मालकांनी त्यांना संघ ओकलंडला न्यायची परवानगी दिली. कॅन्सस सिटीने नवं स्टेडियम बांधायला नुकताच मतदानाने पैसा मंजूर केला होता. म्हणजे मांडव उभा राहिला आणि नवरदेव पळाला.

मिसुरीचे सिनेटर स्टुअर्ट सायमिंग्टन खवळले. अमेरिकेत कुठल्याही धंद्यात मूठभर मालकांनी संगनमत करून बाजार वाटून घेतला तर मक्तेदारीविरोधी कायदा आडवा येतो. बेसबॉलला मात्र १९२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे त्यातून सूट आहे. ही सूट म्हणजे मालकांचा जीव की प्राण. सायमिंग्टननी नेमका तिथे हात घातला : कॅन्सस सिटीला दुसरा संघ द्या, नाहीतर या सवलतीचं काय करायचं ते आम्ही बघतो. लीगने घाईघाईने शब्द दिला की कॅन्सस सिटी आणि सिएटल अशी दोन शहरं वाढवू, १९७१ पर्यंत. सायमिंग्टन म्हणाले, एवढी वाट बघणार नाही. मग वर्ष ठरलं १९६९.

आता कॅन्सस सिटीला घाई होती, पण सिएटलला कुठे होती? तर सामन्यांचं वेळापत्रक बसवायला संघांची संख्या सम लागते. १० चे ११ करून चालत नाही, १२ करावे लागतात. त्यामुळे कॅन्सस सिटीचं घोडं दामटलं तसं सिएटलचंही दामटावं लागलं. १९७१ साठी आखलेलं काम १९६९ मध्ये करायचं होतं. स्टेडियम वाढवणं, भांडवल उभं करणं, तिकिटं विकणं, खेळाडूंची साखळी बांधणं, सगळंच. सिएटलच्या वाट्याला ही दोन वर्षं परत कधीच आली नाहीत.

मालक कोण होते

संघ मिळाला पॅसिफिक नॉर्थवेस्ट स्पोर्ट्स या कंपनीला. तिच्या पुढ्यात ड्युई आणि मॅक्स सोरियानो हे दोघे भाऊ. ड्युई म्हणजे सिएटलच्या बेसबॉलचा घरचा माणूस : तरुणपणी तिथल्या रेनियर्स संघाचा पिचर (चेंडू टाकणारा), मग त्याच संघाचा व्यवस्थापक, पुढे पॅसिफिक कोस्ट लीग या दुय्यम लीगचा अध्यक्ष. मधल्या काळात बंदरात येणाऱ्या जहाजांना वाट दाखवणाऱ्या पायलटचं कामही त्याने केलं. संघाच्या नावात ते जहाजाचे पायलट आहेत, आणि बोइंगच्या गावात असल्यामुळे विमानाचेही. मॅक्स वकील होता.

दोघांकडे अनुभव होता, ओळखी होत्या, गावाचं प्रेम होतं. पैसा सोडून सगळं. म्हणून क्लीव्हलंडचे विल्यम डेली यांना बोलवावं लागलं. हे क्लीव्हलंड संघाचे पूर्वीचे मालक, आणि १९६४ मध्ये तोच संघ उचलून सिएटलला आणायचा विचार करून गेलेले. त्यांनी ४७ टक्के वाटा घेतला. बाकी रकमेत बँकेच्या कर्जाचा भाग मोठा होता. थोडक्यात, सर्वांत मोठा भागधारक दुसऱ्या गावचा आणि गावातल्या भागधारकांच्या डोक्यावर कर्ज.

कॅन्सस सिटीचं चित्र याच्या शेजारी ठेवून बघा. तिथे नवा संघ घेतला यूइंग कॉफमन यांनी. औषधांच्या धंद्यात अफाट पैसा केलेला गावचाच माणूस. पहिली काही वर्षं तोटा सोसायची त्यांची तयारी आणि ऐपत, दोन्ही होती. खेळायला अॅथलेटिक्स सोडून गेले ते जुनं मैदान होतंच, आणि नव्या स्टेडियमचा पैसा मंजूर होता. दोन्ही संघ एकाच दिवशी, एकाच नियमाने जन्मले. या प्रकरणात तुलना करायला यापेक्षा चांगलं जुळं मिळणार नाही.

उरलंसुरलं, प्रत्येकी पावणेदोन लाख डॉलर

विस्तारात नवा संघ म्हणजे नवे खेळाडू नव्हेत. जुने संघ जे द्यायला तयार असतात त्यातून निवडायचं. १५ ऑक्टोबर १९६८ ला बॉस्टनमध्ये हा ड्राफ्ट झाला. प्रत्येक जुन्या संघाने आपले १५ खेळाडू आधी झाकून ठेवायचे, आणि निवडीची प्रत्येक फेरी झाली की आणखी तीन झाकायचे. दहा संघांतून प्रत्येकी सहा गेले. एकूण ६०, सिएटलला ३०, कॅन्सस सिटीला ३०. दर खेळाडूमागे किंमत १,७५,००० डॉलर. तीस जणांचे झाले साडेबावन्न लाख. एखाद्या संघातल्या सोळाव्या क्रमांकाच्या खेळाडूला बाजारात कोणी एवढे पैसे दिले नसते. ही किंमत खेळाडूची नव्हती, दारात पाऊल टाकू देण्याची होती, आणि ती जुन्या मालकांच्या खिशात गेली.

वर आणखी एक भुर्दंड. सिएटलमध्ये पॅसिफिक कोस्ट लीगचा संघ आधीपासून खेळत होता. त्याची जागा घेतल्याबद्दल त्या लीगला १० लाख डॉलर भरपाई. जिचा अध्यक्ष काल-परवापर्यंत ड्युई सोरियानोच होता, त्याच लीगला.

निवड कशी करायची यात दोन संघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कॅन्सस सिटीने तरुण पोरं घेतली, हरू पण वाढवू असं म्हणत. सिएटलचे जनरल मॅनेजर मार्विन मिल्क्स यांचा कल नाव असलेल्या जुन्या खेळाडूंकडे होता : डॉन मिंचर, टॉमी डेव्हिस, गॅरी बेल, स्टीव्ह बार्बर. त्यांना मी फार दोष देत नाही. कर्जाचे हप्ते चालू असले की चार वर्षांनी फळणारं झाड लावायला कोणाला परवडतं? लोकांना ओळखीची नावं दिसली तर तिकिटं खपतील, हा हिशोब होता.

पण याच हिशोबात एक मोठी चूक झाली. ड्राफ्टमध्ये सिएटलच्या हाती लू पिनेला नावाचा २५ वर्षांचा आऊटफिल्डर (सीमेकडचा क्षेत्ररक्षक) लागला होता. हंगामाच्या आठवडाभर आधी, १ एप्रिल १९६९ ला, त्यांनी तो कॅन्सस सिटीला देऊन बदल्यात स्टीव्ह व्हिटेकर आणि जॉन गेल्नर घेतले. पिनेला त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. जुळ्या भावाच्या घरी.

सिक्स स्टेडियम

आता घराबद्दल. सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

सिएटलच्या रेनियर व्हॅलीत १९३८ पासून सिक्स स्टेडियम उभं होतं. हे ‘सिक्स’ म्हणजे सहा नव्हे, ते एमिल सिक यांचं आडनाव. बिअर गाळणारे उद्योगपती, रेनियर बिअर त्यांची, रेनियर्स संघही त्यांचाच. दुय्यम लीगसाठी सुंदर, आटोपशीर मैदान. १९५७ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली तिथे गाऊन गेला. मोठ्या लीगला मात्र ते अपुरं होतं. लीगने सिएटलला दोन अटी घातल्या होत्या : कायमस्वरूपी नवं स्टेडियम बांधायचं, आणि ते होईपर्यंत सिक्स स्टेडियमची क्षमता वाढवून ३०,००० च्या आसपास न्यायची.

पहिली अट कागदावर तरी पुरी झाली. सिएटलच्या मतदारांनी १९६० मध्ये आणि १९६६ मध्ये स्टेडियमचे प्रस्ताव फेटाळले होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये किंग काउंटीच्या (सिएटल ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या) मतदारांनी छताच्या स्टेडियमसाठी ४ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. त्याला ६० टक्के मतं लागत होती, ६२ पडली. पण ते बांधायचं कुठे, यावर गाव पुढची काही वर्षं भांडत बसलं.

दुसऱ्या अटीचं काय झालं ते ११ एप्रिल १९६९ ला, घरच्या पहिल्या सामन्याला, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. खर्च आवरेना म्हणून ३०,००० चे २५,००० केले होते. त्या दिवशी २०,००० सुद्धा जागा तयार नव्हत्या. सुतार बाकं ठोकत होते आणि तिकीट काढलेले लोक आपलं बाक ठोकून व्हायची वाट बघत उभे होते. प्रेक्षक आले १४,९९३. पिचर गॅरी बेलने शिकागो व्हाइट सॉक्सला एकही धाव करू दिली नाही, ७-० असा विजय. पहिला सामना तर त्याआधी, ८ एप्रिलला, अॅनाहाइममध्ये कॅलिफोर्निया एंजल्सविरुद्ध ४-३ असा जिंकलाच होता, आणि त्यात पहिल्याच इनिंगमध्ये माइक हेगनने होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारला होता. खेळाच्या बाजूने यापेक्षा चांगला मुहूर्त कुणाला मिळतो?

पण नळाला पाणी नव्हतं. गर्दी जरा वाढली की सातव्या इनिंगनंतर पाण्याचा दाब इतका उतरायचा की संडासांत पाणी येत नसे. खेळाडूंना अंघोळीसाठी घरी किंवा हॉटेलवर जावं लागे. काही जागांवरून मैदानाचे कोपरे दिसत नसत. तिकिटं मात्र इतर शहरांच्या मानाने महाग. सामने टीव्हीवर दाखवायचा करारच नव्हता, सगळी भिस्त रेडिओवर. म्हणजे मैदानावर यावं तर गैरसोय, आणि घरी बसून संघाशी ओळख व्हावी तर सोय नाही.

मराठी वाचकाला हे अगदीच परकं वाटू नये. २०११ मध्ये पुणे वॉरियर्स आयपीएलमध्ये आले तेव्हा गहुंज्याचं स्टेडियम तयार नव्हतं. ‘पुण्याचा’ संघ पहिल्या वर्षी घरचे सामने नव्या मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला. पुढे तीन हंगामांत तो संघही संपला. त्याच वर्षी आलेला कोची टस्कर्स तर पायलट्ससारखाच एका हंगामाचा धनी, बँक हमीच्या वादात बाद झालेला. घर नसताना बारसं करायची हौस कुठल्याही एका देशाची नाही.

मैदानावरचं वर्ष

खेळाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण संघ वाईट होता पण हास्यास्पद नव्हता. प्रशिक्षक जो शुल्त्झ हे आनंदी गृहस्थ, जिंकलं काय आणि हरलं काय, सामन्यानंतर बिअर प्यायला चला म्हणणारे. संघ तिसरा येईल असं त्यांचं भाकीत होतं, आणि जूनपर्यंत ते खरं होईल अशी चिन्हं होती. मग जुलैत ९ विजय, २० पराभव. ऑगस्टमध्ये ६ विजय, २२ पराभव. मिल्क्स सतत खेळाडू आणत आणि घालवत राहिले, इतके की वर्षभरात ५३ जणांनी तो गणवेश चढवला. गणवेशही बघण्यासारखा : टोपीच्या चोचीवर जहाजाच्या कप्तानासारखी सोनेरी नक्षी, बाह्यांवर पट्टे. खेळाडूंना त्याची लाज वाटायची.

टॉमी हार्परने ७३ बेस चोरले (म्हणजे फटका नसताना पळून पुढचा बेस गाठला), त्या वर्षी दोन्ही लीगमध्ये मिळून सर्वांत जास्त. मिंचरने २५ होमरन मारले. क्युबाचा पिचर दिएगो सेगी १२ सामने जिंकून सहाच हरला. शेवटी ६४ विजय, ९८ पराभव, पश्चिम गटात सहावं म्हणजे शेवटचं स्थान. कॅन्सस सिटीचे ६९ विजय, ९३ पराभव. फरक पाच सामन्यांचा. त्याच वर्षी नॅशनल लीगमध्ये आलेले माँट्रियल आणि सॅन दिएगो हे दोघेही ११० सामने हरले, आणि दोघेही पुढची कित्येक वर्षं आपापल्या शहरात राहिले. सॅन दिएगोला तर सिएटलपेक्षा दीड लाखाहून जास्त प्रेक्षक कमी पडले होते. हरण्यामुळे नवा संघ बुडत नाही. त्याच्याकडून हरण्याचीच अपेक्षा असते.

या संघाची आठवण आज जी काही शिल्लक आहे ती मुख्यतः एका पिचरमुळे. १९६३ मध्ये न्यूयॉर्क यांकीजसाठी २१ सामने जिंकलेला जिम बाउटन हात दुखावल्यावर नकलबॉल (न फिरता डगमगत जाणारा संथ चेंडू) टाकत पायलट्सकडे पोट भरत होता. वर्षभर तो चिठ्ठ्याचपाट्यांवर टिपणं काढत राहिला. ऑगस्टमध्ये त्याला ह्यूस्टनला देऊन टाकलं, तोवर पुरेसा मसाला जमला होता. १९७० मध्ये आलेल्या त्याच्या ‘बॉल फोर’ने अमेरिकन खेळाडूंच्या खोलीतलं खरं बोलणं, दारू, उत्तेजक गोळ्या, पगारावरून होणारी रडारड सगळं उघड्यावर आणलं. पुस्तक बाजारात आलं तेव्हा पायलट्स नावाचा संघ अस्तित्वात नव्हता.

शेवटचा सामना २ ऑक्टोबर १९६९ ला, ओकलंडविरुद्ध. १-३ असा पराभव. प्रेक्षक ५,४७३.

हिशोबाची वेळ

सप्टेंबरपासूनच गाव आणि मालक यांच्यात तूतूमैंमैं सुरू होती. महापालिका म्हणत होती भाडं थकलंय, मैदान खाली करा. मालक म्हणत होते करारात ठरल्यासारखं मैदान द्या, मग भाडं मागा. कायद्याने कोण बरोबर हा वेगळा प्रश्न, पण नव्या जागेत आलेलं बिऱ्हाड आणि घरमालक पाच महिन्यांत इतक्या थराला आले की पुढचं ओळखावं. डेलींनी गावाला एक वर्षाची मुदत असल्यासारखी भाषा काढली. ज्या गावात ६,७७,९४४ माणसं बाकं ठोकेपर्यंत उभी राहून आणि पाण्याविना संडास सोसून आली होती, त्या गावाला.

याच सुमारास गावाचं नशीबही फिरलं. ९ फेब्रुवारी १९६९ ला, पहिल्या सामन्याच्या दोन महिने आधी, सिएटलच्या उत्तरेला एव्हरेटच्या धावपट्टीवरून पहिलं बोइंग ७४७ उडालं होतं. (एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ दोन वर्षांनी याच कारखान्यातून बाहेर पडलं.) पण ऑर्डरी आटल्या आणि १९६७ मध्ये सिएटल परिसरात एक लाखावर असलेली बोइंगची माणसं १९७१ च्या एप्रिलपर्यंत ३९,००० च्याही खाली आली. गावात राहणारा शेवटचा माणूस जाईल त्याने दिवे घालवावेत, अशा अर्थाचा मोठा फलक तेव्हा रस्त्यावर लागला होता. अशा वेळी तोट्यातला बेसबॉल संघ वाचवायला पैसा काढणारे हात कमीच.

ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोरला वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांची अंतिम मालिका, चालू होती. तिथे ड्युई सोरियानो मिल्वॉकीच्या बड सेलिग यांना गुपचूप भेटला आणि संघ विकायचं ठरलं. सेलिग मोटारींच्या एजन्सीतले, पस्तिशीचे. मिल्वॉकीचा ब्रेव्हज संघ १९६५ च्या हंगामानंतर अटलांटाला पळवला गेला, तेव्हापासून ते दुसरा संघ मिळवायला दारोदार हिंडत होते. त्यांच्याकडे एक गोष्ट तयार होती : रिकामं पडलेलं काउंटी स्टेडियम.

बातमी फुटल्यावर सिएटल ज्यात येतं त्या वॉशिंग्टन राज्याचे वजनदार सिनेटर वॉरन मॅग्नुसन आणि हेन्री जॅक्सन, तसंच राज्याचे अॅटर्नी जनरल स्लेड गॉर्टन मध्ये पडले. लीगने विक्री थांबवून गावातला गिऱ्हाईक शोधायला सांगितलं. पहिले आले चित्रपटगृहांचे मालक फ्रेड डान्झ. त्यांचा व्यवहार जवळजवळ झाला होता, तेवढ्यात जानेवारी १९७० मध्ये सोरियानोंना कर्ज देणाऱ्या बँकेने आपले पैसे परत मागितले. नव्या मालकाला संघासोबत ते कर्जही गळ्यात घ्यावं लागणार हे दिसल्यावर डान्झ बाजूला झाले. मग हॉटेल व्यवसायातले एडवर्ड कार्लसन पुढे आले. त्यांची योजना अशी की संघ नफ्यासाठी चालवायचाच नाही, गावाच्या मालकीसारखा ठेवायचा. हे ऐकून बाकीच्या मालकांच्या पोटात गोळा आला. एक संघ नफ्याविना चालू शकतो असं दिसलं तर आपल्या संघाच्या किमतीचं काय? योजना फेटाळली. मग नेहमीच्या पद्धतीचा प्रस्ताव आला, तो एका मताने पडला.

या एका मताबद्दल मला नेहमी कुतूहल वाटतं. ड्राफ्टच्या दिवशी प्रत्येक खेळाडूमागे १,७५,००० डॉलर मोजून घेताना याच मंडळींनी खरेदीदाराकडे हा पैसा येतोय कुठून, असं विचारलं नव्हतं.

मार्च उजाडला. संघ सराव शिबिरासाठी अॅरिझोनातल्या टेम्पीला. राज्य सरकारने मार्चच्या मध्याला विक्रीवर न्यायालयाचा मनाई हुकूम आणला. त्यावर कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, कारण दिवाळखोरीच्या न्यायालयाने विक्री मान्य केली की राज्याचा हुकूम मागे पडतो. सुनावणीत मिल्क्सनी सांगितलं की प्रशिक्षक, खेळाडू, कचेरीतली माणसं यांना द्यायला पैसे उरलेले नाहीत. आणि यात खरी मेख होती. पगार दहा दिवसांपेक्षा जास्त लांबला की खेळाडू करारातून मोकळे. मग दिवाळखोर कंपनीकडे विकण्यासारखं राहणार काय? टोप्या?

३१ मार्च १९७० ला निवाडा झाला. पायलट्स दिवाळखोर, संघ मिल्वॉकीला १ कोटी ८ लाख डॉलरना. हंगाम सुरू व्हायला सहा दिवस. संघाचं सामान भरलेले ट्रक अॅरिझोनाहून निघून यूटामध्ये थांबून होते, उजवीकडे मिल्वॉकीला वळायचं की डावीकडे सिएटलला, याचा निरोप येईपर्यंत. निरोप आला आणि ते पूर्वेला वळले.

मिल्वॉकीत नवे गणवेश शिवायला वेळ नव्हता. छातीवरचं ‘पायलट्स’ उसवून तिथे ‘ब्रुअर्स’ शिवलं. सेलिग यांच्या मनात वेगळे रंग होते, पण सिएटलचा निळा आणि सोनेरी अंगावर राहिला तो राहिलाच. ७ एप्रिलला काउंटी स्टेडियमवर ३७,२३७ लोक आले आणि त्यांनी आपल्या संघाला ०-१२ असं हरताना आनंदाने पाहिलं. मजा अशी की १९०१ मध्ये मिल्वॉकीतही ब्रुअर्स नावाचा संघ अमेरिकन लीगमध्ये एकच हंगाम खेळून सेंट लुईसला निघून गेला होता. एका हंगामात शहर सोडण्याची त्यानंतरची पहिली वेळ पायलट्सची, आणि लाभ झाला त्याच गावाला.

खटला

सिएटल गप्प बसलं नाही. शहर, किंग काउंटी आणि राज्य यांनी मिळून अमेरिकन लीगवर करारभंगाचा दावा लावला, मागणी ३ कोटी २५ लाख डॉलरची. मुद्दा सरळ होता : तुम्ही संघ देतो म्हणालात म्हणून आम्ही स्टेडियमसाठी कर्ज काढलं, आता संघ कुठे आहे? आणि स्टेडियम खरंच उभं राहत होतं. ‘किंगडोम’ नावाच्या या स्टेडियमचं बांधकाम १९७२ च्या अखेरीला सुरू झालं, १९७६ च्या मार्चमध्ये ते उघडलं. घर झालं, राहणारा सात वर्षांपूर्वी येऊन गेला.

खटला जानेवारी १९७६ मध्ये एव्हरेटला, ज्युरीपुढे उभा राहिला. सिएटलचे वकील विल्यम ड्वायर यांनी मालकांना एकेक करून पिंजऱ्यात आणलं. त्यात फिन्लीही होते, ज्यांच्या स्थलांतरातून हे सगळं सुरू झालं होतं. बंद खोलीत काय कसं ठरलं, हे ज्युरीपुढे रोज थोडं थोडं बाहेर यायला लागलं तेव्हा लीगने तडजोड केली : खटला मागे घ्या, सिएटलला नवा संघ देतो. आणि पुन्हा तोच समसंख्येचा प्रश्न. १३ चालत नाहीत, म्हणून टोरांटोलाही एक संघ मिळाला. टोरांटो ब्लू जेज हा सिएटलच्या खटल्याचं सहउत्पादन म्हणता येईल असा संघ आहे, पण टोरांटोत हे कुणाला सांगू नये.

पुढे सेलिग सबंध बेसबॉलचे आयुक्त झाले. पिनेला १९९३ मध्ये सिएटलच्या नव्या संघाचा, मॅरिनर्सचा, प्रशिक्षक म्हणून परतला आणि २००१ मध्ये त्याच्या हाताखाली संघाने ११६ सामने जिंकले. सिक्स स्टेडियम १९७९ मध्ये पाडलं. त्या जागी हार्डवेअरचं भलंमोठं दुकान आलं. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी सिएटल-रेडमंडकडे गेलेल्या मराठी घरांपैकी कोणी तिथून रंगाचा डबा किंवा नळाची तोटी आणलीच असेल.

मॅरिनर्सचा पहिला सामना ६ एप्रिल १९७७ ला किंगडोममध्ये झाला. प्रेक्षक ५७,७६२. समोर कॅलिफोर्निया एंजल्स, ज्यांच्याविरुद्ध पायलट्सने १९६९ ला आणि ब्रुअर्सने १९७० ला सुरुवात केली होती तेच. सिएटलकडून पहिला चेंडू टाकायला दिएगो सेगी आला. वय ३९. पायलट्सचा आणि मॅरिनर्सचा, दोन्ही गणवेश घातलेला तो एकमेव खेळाडू. सिएटल ०-७ असं हरलं.